इंजिनाचा दम

कोणत्याही गॅरेजबाहेर अर्धा तास उभे राहावे. ‘गाडीत दम राहिला नाही’, ‘चढाला धाप लागते’, ‘इंजिन गुदमरतंय’ अशी वाक्ये हमखास कानांवर पडतात. भाषेच्या विद्यार्थ्याला ती चटकदार रूपके वाटतील. वस्तुतः ती अक्षरशः खरी विधाने आहेत. मोटारीचे इंजिन श्वास घेते, तो कोंडते आणि सोडते. आणि त्याचा जोर त्याने घेतलेल्या श्वासाच्या प्रमाणात असतो. जुन्या मोटारीचा जोर कसा वाढवावा, या प्रश्नाची बहुतेक सारी उत्तरे या एका वाक्यात दडलेली आहेत. ती उलगडून दाखवावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

कला शाखेच्या अंकात हे यंत्रपुराण कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यावर माझे उत्तर असे, की तर्कशास्त्राच्या तासाला आपण कार्यकारणभाव शिकतो आणि अर्थशास्त्राच्या तासाला शेवटचा रुपया कोठे खर्च करावा हे शिकतो. या दोन्ही विद्यांची खरी परीक्षा मी गेल्या वर्षी एका गॅरेजात दिली. आणि ती परीक्षा देणे भाग पडले ते आमच्या घरच्या गाडीमुळे.

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी ती नवी घेतली. खाजगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून घेऊन ती वाढवावी लागते. पुढच्या तपासणीची वेळ जवळ आली, तशी घरात सभा भरली. पाच माणसे बसली की पसरणीचा घाट गाडी पहिल्या गिअरवर, रडतखडत चढत होती. वडील म्हणाले, ‘वजनावर देऊन टाकू.’ मामा म्हणाले, ‘दाजी, दुसरे इंजिन बसवा.’ आतेभावाने टर्बोचे नाव काढले. आजोबा मात्र काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचे न बोलणेच सर्वांना अवघड झाले. अखेर वडिलांनी एक ठरावीक रक्कम माझ्या हाती दिली. ‘एवढ्यात गाडी घाटाला लागली तर ठेवू, नाही तर पुढचा विचार करायचा नाही.’ तेव्हा पैसा कोठे घालावा, हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाही.

इंजिन म्हणजे भाता

प्रथम या इंजिनाचे कूळ पाहू. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ‘अकराशे डी’ तयार होऊ लागली. १९७४ पासून तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. तिच्या इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि आतल्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ७५ मिलिमीटर. चारही सिलिंडरांची जागा मिळून १०८९ घनसेंटिमीटर भरते. यालाच आपण व्यवहारात ‘सी. सी.’ म्हणतो. जोर सुमारे ४० अश्वशक्ती, तोही इंजिन मिनिटाला ४८०० फेरे घेत असताना.

दट्ट्याचे काम चार पायऱ्यांत चालते. तो खाली जाताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो. वर येताना ते मिश्रण दाबतो. ठिणगी पडून मिश्रण पेटले, की त्याच्या दाबाने पुन्हा खाली लोटला जातो. आणि शेवटी वर येताना धूर बाहेर हाकलतो. लोहाराचा भाता आणि भट्टी एकाच भांड्यात घातल्यासारखा हा प्रकार आहे. दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतला जातो. म्हणून मिनिटाला ४८०० फेरे होत असतील, तर भाता २४०० वेळा भरतो. म्हणजे हिशेबाने सुमारे २६०० लिटर हवा मिनिटाला आत जायला हवी.

ती तितकी जात नाही. हवेला वाटेत गाळणी, कार्बोरेटरचा अरुंद गळा, नळ्यांची वळणे आणि झडपांची छोटी फट एवढे अडथळे ओलांडायचे असतात, आणि त्यासाठी वेळ मिळतो तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. जुन्या धाटणीच्या इंजिनात तीन चतुर्थांश भाग भरला, तर पुष्कळ झाले असे समजावे. म्हणजे साधारण १९५० लिटर. आपल्याकडच्या उन्हात त्याचे वजन सव्वादोन किलो होते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. तेव्हा एवढ्या हवेत मिनिटाला दीडशे ग्रॅम पेट्रोल जळेल. त्यातील उष्णता अश्वशक्तीत मांडली, तर आकडा जवळजवळ दीडशे येतो. त्यातला मोठा वाटा धुरातून आणि रेडिएटरमधून निघून जातो; सव्वापट्टीने, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक, तेवढा फिरणाऱ्या दांड्यापर्यंत पोहोचतो. दीडशेचे असे चाळीस होतात. कारखान्याने सांगितलेला आकडा आपल्याला पाटीवरच्या गणितानेच मिळाला.

या गणितात एक गोष्ट स्पष्ट दिसते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते; ते काही अडचणीचे नाही. अडचण आहे ती हवेची. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? अधिक पेट्रोल ओतले आणि हवा तेवढीच राहिली, तर जोर वाढत नाही. काळा धूर मात्र वाढतो.

याची साक्ष देणारी दोन उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. पहिले महाबळेश्वरचे. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने पंधरा टक्क्यांनी कमी असतो. तेथे इंजिनाचा प्रत्येक श्वास तितकाच पातळ; थंडीमुळे थोडी भरपाई होते, एवढेच. दुसरे उदाहरण सी. एन. जी. वर चालणाऱ्या टॅक्सीचे. पेट्रोलची वाफ भात्यात फारच थोडी जागा अडवते. परंतु नैसर्गिक वायू मुळातच वायू असल्यामुळे शंभर भाग मिश्रणात साडेनऊ भाग जागा तोच घेतो, आणि तेवढी हवा बाहेर राहते. म्हणून तीच टॅक्सी पेट्रोलवर जशी उठते, तशी गॅसवर उठत नाही.

टर्बो म्हणजे काय, तेही येथेच सांगून टाकू. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवून, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून आत घालायची, ही ती युक्ती. ती युक्ती ज्या इंजिनाला नाही, त्याला केवळ वातावरणाच्या दाबावर श्वास घ्यावा लागतो. मग त्याला बाहेरून टर्बो का लावू नये? कारण हा जादा दाब सोसण्यासाठी पिस्टन, बेअरिंगे, थंड करण्याची सोय आणि पेट्रोल मोजून देण्याची व्यवस्था हे सारे तसे घडवलेले असावे लागते. पद्मिनीचा क्रँकशाफ्ट तीनच मुख्य बेअरिंगांवर फिरतो आणि तिचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर तालमीतला दगड ठेवण्यासारखे ते होईल.

गेलेला दम

गॅरेजातल्या मिस्त्रीकाकांना मी पहिल्याच दिवशी विचारले, ‘काका, पिकअप कसा वाढवायचा?’ ते म्हणाले, ‘बाळा, आधी जुनं येणं वसूल कर, मग नवीन धंदा काढ.’ या एका वाक्याचा अर्थ समजायला मला महिना लागला. पण अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मला इतका नेमका सल्ला सापडलेला नाही.

आधी येणे किती आहे ते पाहू. पाच माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन साडेबाराशे किलो समजा, आणि चढ पंधरास एक असा. ताशी ४० किलोमीटरने हे ओझे वर न्यायला, चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा धरून, चाकांवर सुमारे १६ अश्वशक्ती लागतात. मधल्या दंतचक्रांचा खर्च जमेस धरला, तर इंजिनाकडून वीसेक. इंजिनाची मूळ ताकद ४०. डोंगरावरच्या पातळ हवेत ३४ म्हणू. म्हणजे घाट दुसऱ्या गिअरवर सहज चढावा अशीच गाडीची रचना आहे. तरीही ती चढत नसेल, तर ताकद मुळात कमी नव्हती. ती वाटेत कोठे तरी सांडत होती.

सांडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या शोधण्याची रीत तर्कशास्त्रात शोभेल अशी आहे. चारही प्लग काढून त्या जागी दाबमापक लावायचा आणि स्टार्टरने इंजिन फिरवायचे. निरोगी सिलिंडर सव्वाशे ते दीडशे पौंडांच्या आसपास दाब दाखवतो; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चारही आकडे एकमेकांजवळ असतात. आमच्या गाडीचे आकडे आले : १२०, ११६, ८२, ११८. तिसरा सिलिंडर दोषी, हे उघड झाले. पण दोष कोणाचा? दट्ट्याभोवतीच्या रिंगांचा, की झडपांचा? मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा दाब मोजला. ऑइल रिंगांभोवतीची फट क्षणभर बुजवते. तेव्हा दाब वाढला, तर रिंगा झिजल्या. वाढला नाही, तर हवा झडपेतून निसटते आहे. आमचा आकडा जागचा हलला नाही. हेड उतरवले, तो तिसऱ्या सिलिंडरची धूर सोडणारी झडप कडेला जळलेली.

ती का जळली, तेही समजून घेण्यासारखे आहे. झडप आणि तिला ढकलणारा दांडा यांत एक बारीक फट राखावी लागते. गॅरेजात तिला टॅपेटची फट म्हणतात. वर्षानुवर्षे झडप आपल्या बैठकीत रुतत जाते, तशी ही फट नाहीशी होते. मग झडप पुरती मिटत नाही. मिटलेली झडप आपली उष्णता बैठकीला देऊन थंड होत असते. न मिटलेली झडप धुराच्या झोतात नुसती भाजत राहते. कागदाच्या जाडीएवढी फट वेळेवर न पाहिल्याचा हा परिणाम. ती फट मोजायला पत्र्याच्या पट्ट्यांचा गेज लागतो आणि अर्धा तास लागतो.

दाबानंतर ठिणगी. मिश्रण पेटून दाब शिखराला पोहोचायला सेकंदाचे एक-दोन सहस्रांश लागतात. इंजिन सावकाश फिरत असताना तेवढ्यात फार काही घडत नाही. पण मिनिटाला ४८०० फेऱ्यांना प्रत्येक सहस्रांशात क्रँक २९ अंश फिरतो. म्हणून ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या आधी पडावी लागते. आणि वेग वाढेल तशी अधिक आधी. हे काम डिस्ट्रिब्यूटरमधली दोन छोटी वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा करतात. वजने गंजून अडकली, की ठिणगी कायम उशिराच पडते. मग पेट्रोलचा जोर दट्ट्याऐवजी सायलेन्सरला मिळतो. पॉइंटची फट सुमारे अर्ध्या मिलिमीटरची; तीही झिजेने बदलते. आज पॉइंटऐवजी बसणारे इलेक्ट्रॉनिक संच मिळतात. त्यांनी जोर नवा निर्माण होत नाही, परंतु असलेला जोर घसरत नाही.

नंतर कार्बोरेटर. त्यातील जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे सूक्ष्म छिद्र. त्यावर साका चढतो. ॲक्सिलरेटरने फिरणारी दांडी तिच्या भोकात झिजते आणि बाजूने चोरटी हवा आत शिरते. ही हवा मोजमापाबाहेरची, म्हणून मिश्रण बिघडवणारी. हवेची गाळणी चोंदलेली असते. ब्रेक किंचित लागलेले राहतात; चाकांत हवा कमी असते; क्लच चढाला घसरतो. यांतले शेवटचे तीन दोष तर इंजिनाचे नव्हेतच, पण बोल इंजिनाला लागतो.

आम्ही झडपा बदलून बैठकींवर घासून बसवल्या, रिंगा नव्या घातल्या, डिस्ट्रिब्यूटरची वजने मोकळी केली, कार्बोरेटरला नवी दांडी बसवली. गॅरेजच्या भाषेत हे ‘हाफ इंजिन’चे काम. नंतर चारही आकडे १२५ आणि १३० च्या दरम्यान आले. वडिलांनी दिलेल्या रकमेतले थोडे पैसे उरलेही. त्याच महिन्यात आम्ही पाच जण वाईहून पाचगणीला गेलो. बहुतेक घाट दुसऱ्या गिअरवर झाला आणि कोठे थांबावे लागले नाही. एका वळणावर तर वडिलांनी तिसरा टाकला. आजोबा पुढेच बसले होते. गिअर पडल्याचा आवाज ऐकून त्यांनी वडिलांकडे एकदा पाहिले, एवढेच. पुढच्या तपासणीसाठी गाडी ठेवायची, हे मग कोणी वेगळे ठरवावे लागले नाही.

वाढवलेला दम

येणे वसूल झाल्यावर नवा धंदा काढता येतो का? येतो, पण त्याचे हिशेब डोळसपणे मांडले पाहिजेत.

पहिला उपाय सिलिंडर बोअर करून मोठा करण्याचा. व्यास ६८ चा ६९ केला, तर क्षमता १०८९ ची सुमारे ११२२ होते. म्हणजे वाढ तीन टक्के. झिजलेला सिलिंडर सुधारण्यासाठी हे काम करावेच लागते. केवळ जोरासाठी केले, तर हाती फारसे लागत नाही.

दुसरा उपाय मिश्रण अधिक दाबण्याचा. प्रत्येक सिलिंडरची जागा २७२ घनसेंटिमीटर. दाबाचे गुणोत्तर साडेसात धरले, तर दट्ट्या माथ्यावर असताना वर ४२ घनसेंटिमीटरची खोली उरते. हेड सुमारे दीड मिलिमीटर तासले, की ती खोली ३६ होते आणि गुणोत्तर साडेआठ. पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे त्याने मिळणारा लाभ चार टक्क्यांचा. सूत्र लहान आकडा देते, पण हा लाभ सर्व वेगांना मिळतो आणि पेट्रोलही वाचते. मर्यादा आहे ती पेट्रोलच्या प्रतीची. फार दाबले, तर उरलेले मिश्रण ठिणगीने पेटलेल्या ज्वालेची वाट न पाहता आपोआप पेटते आणि इंजिनातून खडे वाजल्यासारखा टकटक आवाज येतो. तो आवाज ऐकू आला, की पिस्टनचे आयुष्य मोजायला लागावे. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ही कळ सोसण्याची ताकद.

तिसरा उपाय श्वासाची वाट रुंद करण्याचा, आणि सर्वांत सुपीक तोच. हेडमधल्या वाटांचे ओतकामातले कंगोरे घासून गुळगुळीत करणे, गॅस्केटचे भोक आणि नळीचे भोक यांतली पायरी काढून टाकणे, एकाऐवजी दोन गळ्यांचा कार्बोरेटर बसवणे, आणि चार सिलिंडरांचा धूर एकमेकांच्या वाटेत येणार नाही अशा लांब, वेगवेगळ्या नळ्यांतून बाहेर काढणे. नुसता सायलेन्सर काढून फेकणे म्हणजे मात्र सुधारणा नव्हे. आवाजाने जोर वाढल्याचा भास होतो. झोपमोड शेजाऱ्यांची होते.

चौथा उपाय झडपा अधिक उचलणाऱ्या आणि अधिक वेळ उघड्या ठेवणाऱ्या कॅमशाफ्टचा. यात देणे-घेणे आहे. वेगात इंजिन भरभरून श्वास घेते; परंतु सावकाश फिरताना आत घेतलेले थोडे मिश्रण उघड्या झडपेतून परत लोटले जाते. मग गाडी बाजारपेठेत अडखळते आणि मोकळ्या रस्त्यावर धावते. आपले बहुतेक आयुष्य बाजारपेठेतच जात असल्यामुळे हा सौदा विचार करूनच करावा.

या सर्व उपायांनी किती मिळते, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते मोठे मनोरंजक आहे. ६८ गुणिले ७५ हे माप फियाटने प्रथम १९३७ मध्ये वापरले. तेव्हा त्या इंजिनाचा जोर होता ३२ अश्वशक्ती. युद्ध संपताच तुरीनमध्ये पिएरो दुसिओ या गृहस्थांनी चिसितालिया नावाची छोटी कंपनी काढली आणि याच इंजिनावर शर्यतीच्या गाड्या बांधल्या. दाबाचे गुणोत्तर वाढवून, कार्बोरेटर आणि कॅम बदलून त्यांनी १०८९ घनसेंटिमीटरमधूनच पन्नास ते साठ अश्वशक्ती काढल्या. १९४७ च्या मिले मिल्या शर्यतीत ५४ वर्षांचा ताझिओ नुवोलारी चिसितालियाची एक उघडी गाडी घेऊन दुसरा आला. याच कंपनीची ‘२०२’ ही मोटार न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात ठेवली आहे. ज्या घराण्याचे इंजिन दादरच्या स्टँडवर मीटर टाकून उभे राहिले, त्याच घराण्याचे एक चुलतभावंड कला-संग्रहालयात उभे आहे! कला शाखेच्या अंकात हा लेख का, याचे दुसरे उत्तर हे.

परंतु त्या उदाहरणातला इशाराही वाचला पाहिजे. चिसितालियाचा जोर ५५०० फेऱ्यांना मिळत होता. फेरे वाढवणे म्हणजे मिनिटाला अधिक श्वास घेणे. पण प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या दोनदा थांबतो आणि उलटा फिरतो. त्या वेळी पडणारा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४८०० चे ६००० केले, तर वेग सव्वापट आणि ओढा दीडपटीहून अधिक. शर्यतीची गाडी दर शर्यतीनंतर उघडून तपासतात. आपल्या दारातली गाडी आपण कधी उघडतो?

तीन पथ्ये

जोर वाढवण्याआधी तीन गोष्टी पाहणे भाग आहे.

पहिली गोष्ट ब्रेकची. पद्मिनीच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत. गाडी थांबवताना जी ऊर्जा जिरवायची, ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी १०० ने गाडी धावू लागली, तर ब्रेकवरचे काम दीडपटीहून अधिक होते. ड्रम तापले, की त्यांची पकड सुटत जाते, आणि हे घाट उतरताना कळून उपयोग नसतो. तेव्हा इंजिनावरच्या पहिल्या रुपयाआधी एक रुपया ब्रेक, चाके आणि स्टिअरिंग यांवर खर्च करावा.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आपल्या देशात शिसे घातलेले पेट्रोल २००० साली बंद झाले. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक भाग शुद्ध पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा, तर या मिश्रणाला साडेतेरा. नव्या गाडीचा संगणक हे स्वतः सावरून घेतो. जुना कार्बोरेटर मात्र सवयीने पूर्वीएवढेच सोडत राहतो. मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते आणि उचलताना अडखळते. पुष्कळांना गाडी अलीकडे मरगळल्यासारखी वाटते, त्याचे एक कारण हे आहे. उपाय सोपा : आठ टक्के अधिक पेट्रोल जाण्यासाठी जेटचे छिद्र व्यासाने चार टक्के मोठे हवे, म्हणजे १२० च्या जागी १२५ चा जेट. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात व चिरतात, ते बदलावेत. पेट्रोलची गळती आणि गरम इंजिन यांची गाठ पडू देऊ नये.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम अधोरेखित केले. इंजिनच बदलायचे, तर आर. टी. ओ. ची परवानगी हवी. मामांची सूचना आमच्या घरी येथेच अडली. शिवाय बदललेल्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनी प्रथम हाच प्रश्न विचारते. उलट झडपा घासणे, रिंगा बदलणे, ठिणगी वेळेवर आणणे ही दुरुस्ती आहे. तिला कोणाची हरकत नाही.

आणि पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबके, टाकीत ओतायच्या जादूच्या बाटल्या, वीस टक्के बचतीची खात्री देणाऱ्या जाहिराती? वरचे गणित हाताशी असले, की एकच प्रश्न विचारावा : याने इंजिनात अधिक हवा कशी जाते, किंवा गेलेल्या हवेचे अधिक चांगले चीज कसे होते? उत्तर मिळाले नाही, तर पाकीट खिशातच ठेवावे.

तात्पर्य, क्रम असा असावा. प्रथम थांबण्याची सोय. मग दाब मोजणे आणि गळती बंद करणे. मग ठिणगी व मिश्रण वेळेवर आणि मापात आणणे. मग हवेची वाट मोकळी करणे. एवढे झाल्यावरही हौस आणि पैसा उरला, तर हेड आणि कॅमकडे वळावे. पहिल्या तीन पायऱ्यांत थकलेल्या गाडीला जे परत मिळते, ते पुढच्या साऱ्या पायऱ्यांनी मिळणाऱ्या नव्या लाभापेक्षा बहुधा अधिक असते, आणि त्याचा खर्च सर्वांत कमी असतो.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून ती काळी-पिवळी ओळख पुसली गेली. आता ज्या थोड्या पद्मिनी उरल्या आहेत, त्या घरोघरच्या. त्यांतल्या कित्येक ‘दम गेला’ या एका निदानावर भंगारात जातात. दम गेला, हे निदान नाही. ते लक्षण आहे. तो कोठून गेला, हे मोजून पाहायला एक दाबमापक, चमचाभर ऑइल आणि थोडा धीर पुरतो. गाडी ठेवायची की द्यायची, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण तो हे मोजल्यानंतर घ्यावा.

— तृतीय वर्ष, कला (अर्थशास्त्र)